गप्पांमध्ये सगळं 'आय विल'वरच येतं आणि मत विचारलं की 'आय अग्री'. सराव कसा करायचा?

घणसोली_ताई
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीतल्या काही जणी रात्री जेवणं उरकली की खाली गार्डनमध्ये बसतो आणि तासभर इंग्रजीतच बोलतो, कुणाला शाळेच्या मीटिंगमध्ये नीट बोलायचंय, कुणाला परत नोकरी धरायचीय. पुस्तकातल्या फ्युचर टेन्सच्या रिकाम्या जागा सगळ्यांना भरता येतात, पण गप्पा सुरू झाल्या की उद्याचं असो की दहा वर्षांनंतरचं, सगळं 'आय विल'. आणि मत मांडायचं म्हटलं तर एक बोलते, बाकीच्या 'येस, आय अग्री' करतात, संपला विषय. क्लास नाही लावायचा, आपापसातच करायचंय. काय करू?

नौपाडा_सर
ताई, मी बरीच वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवतोय, ह्यावर माझा उपाय म्हणजे मोबाईलचं कॅलेंडर. प्रत्येकीनं पुढचा आठवडा उघडायचा. ज्याची वेळ, माणूस ठरलाय ते 'आय ॲम मीटिंग द टीचर ऑन फ्रायडे'. नुसतं मनात पक्कं केलंय, बुकिंग वगैरे काही नाही, ते 'आय ॲम गोइंग टू लर्न ड्रायव्हिंग'. लोकलचं टाइमटेबल तर साधं, 'द ट्रेन लीव्हज ॲट सेव्हन ट्वेन्टी'. मग 'विल' कुठे, तर एकीनं मधेच अडचण टाकायची, माझा सिलेंडर संपला, मुलाला ट्यूशनहून कोण आणेल, आणि दुसरीनं तिथल्या तिथे ठरवून सांगायचं, 'डोन्ट वरी, आय विल पिक हिम अप'. आपण मराठीत 'उद्या येते' म्हणतो म्हणून 'आय कम टुमॉरो' तोंडात येतं, तेवढ्यावर लक्ष ठेवा.

वाशी_ठाणे_अपडाऊन
सरांचं बरोबर आहे पण मत फुटायला विषय जिव्हाळ्याचा लागतो हो, 'पोल्युशन' वर कोण भांडणार. ठाणे-बोरिवली बोगदा घ्या. राष्ट्रीय उद्यानाच्या खालून काम चाललंय, रस्ता जवळपास १२ किलोमीटरचा, आज घोडबंदरवरून केवढा वळसा पडतो. विचारा, घोडबंदरचं ट्रॅफिक कमी होईल का? एक म्हणेल 'आय थिंक इट विल', दुसरी 'आय डोन्ट थिंक इट विल', तिसरी 'इट माइट, बट पीपल विल जस्ट बाय मोअर कार्स'. आणि नियम एकच, 'आय अग्री' म्हटलं की पुढे 'बिकॉज' लावून स्वतःचं नवीन कारण द्यायचं, नाहीतर 'आय सी युअर पॉईंट, बट' म्हणून उलट बोलायचं. आपल्याकडे सर्रास 'अकॉर्डिंग टू मी' म्हणतात ते सोडा, 'इन माय ओपिनियन' किंवा साधं 'आय थिंक'. अजून एक, 'व्हेन द टनेल ओपन्स' म्हणा, तिथे 'विल ओपन' नको, 'विल' पुढच्या तुकड्यात येतं, 'व्हेन द टनेल ओपन्स, आय विल टेक द बस'.

घणसोली_ताई
बोगद्याचा विषय मस्त, आमच्यातल्या एकीचं माहेर बोरिवलीला आहे, ती तर तावातावाने बोलेल. पण एक शंका, अंदाज सांगताना 'इट विल रेन' की 'इट इज गोइंग टू रेन'?

नौपाडा_सर
पारसिकच्या डोंगरावर काळं भरून आलंय, ते तुम्हाला दिसतंय, तर 'इट्स गोइंग टू रेन'. घरात बसून नुसतं वाटतंय तर 'आय थिंक इट विल प्रॉबेबली रेन टुनाईट'. पहिल्यात पुरावा समोर आहे, दुसऱ्यात तुमचं मत. म्हणून तर मत मांडायचा आणि 'विल'चा सराव एकत्रच होतो, वेगळा करायची गरज नाही.

ऐरोलीची_आई
मला एकच सांगायचंय, बोलणाऱ्या बाईला मधे तोडून टेन्स सुधारू नका. आमच्या ग्रुपमध्ये तेच व्हायचं आणि चांगल्या हुशार बायका गप्प बसायला लागल्या. आता एकजण वहीत लिहून ठेवते आणि उठायच्या आधी दोन-तीन वाक्यं सगळ्यांसमोर वाचते, कुणाचं ते न सांगता. सरांना पटेल न पटेल, पण मला वाटतं आधी मत पूर्ण होऊ दे.

नौपाडा_सर
पटलं. वही रोज वेगळीच्या हातात द्या, ऐकायचाही सराव होईल.