भाषणाची तयारी तुम्ही कशी करता? अनुभव सांगा

चौथीत असताना १ ऑगस्टला टिळकांवर बोललो होतो. भाषण बाबांनी लिहिलेलं, मी घोकलेलं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' झकास झालं, शेंगांच्या टरफलांपाशी गाडी अडली. तीच ओळ तीनदा म्हटली आणि रडत खाली आलो. आता शनिवारी साहेबांच्या निरोप समारंभात सात मिनिटं बोलायचंय. पोटात गोळा तोच. पाठ करू की मुद्दे काढू?

—

पाठ अजिबात नको. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांत दोन वर्षं पाठ करून हरलोय. पहिली घंटा वाजली की पुढचं सगळं साफ! मग उत्स्फूर्तला नाव दिलं, केवळ पाठांतर टळावं म्हणून. चिठ्ठी उघडल्यावर मी आधी शेवटचं वाक्य ठरवायचो, मग तिथवर नेणारे दोन-तीन मुद्दे, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी. आजही तसंच करतो. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं तोंडपाठ. आणि घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात केलेलं भाषण नेहमीच वेळेत बसतं.

—

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले. आमच्या वर्गातली झाडून सगळी पोरं शेंगांवर बोलली. एकीने मात्र वाटेगावहून मुंबईला पायी निघालेल्या मुलापासून सुरुवात केली. बाकी कुणाचं काहीच आठवत नाही.

—

मी बचत गटातली. महिला ग्रामसभेत बोलायचं होतं, पण कागद धरला की हात थरथरतो आणि तो सगळ्यांना दिसतो. म्हणून पदराला तीन गाठी मारल्या. पहिली नळाची, दुसरी रस्त्यावरच्या दिव्यांची, तिसरी अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याची. एक विषय बोलून झाला की एक गाठ सोडायची. दोन सुटल्या, तेवढ्यात चहा आला आणि सभा उठली. घरी आले तर सासूबाई म्हणतात, "पदराला हे काय गं?" पुढच्या सभेत उठले ती पत्र्यावरच बोलले. तेव्हापासून जे अडलंय त्याची गाठ पहिली.

—

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचं बघून गावोगाव मंडळांनी व्याख्यानमाला काढल्या. त्यातल्याच एका छोट्या मालेत मी खुर्च्या लावण्यापासून सगळं करतो. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक यांतच पाऊण तास जातो (प्रास्ताविक करणारा बहुधा अर्धं व्याख्यान स्वतःच देतो). एकदा पाहुण्या बाईंना तासाऐवजी वीसच मिनिटं उरली. आम्ही ओशाळलो. त्यांनी पर्समधून पाच कार्डं काढली, दोन परत आत ठेवली आणि उभ्या राहिल्या. घाई नाही की 'वेळेअभावी' नाही. नंतर कार्डं बघायला मागितली. प्रत्येकावर एकच किस्सा, खाली त्यातून काय सांगायचं ते एका ओळीत. ज्यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता ती कार्डं गाळली तरी चालणार होती.

—

धागाकर्ता: सर्वांचे आभार. साहेबांचे पाच किस्से काढले, दोघांवर लाल ठिपका दिलाय. पदर नाही, म्हणून रुमालाला तीन गाठी मारल्यात. बायको विचारतेय, धुवायला टाकू का.