रापणीच्या दृश्याला भजनी ठेका कसा जुळवावा? चित्रासाठी संगीत बसवण्याचे काम शिकायचे आहे, मदत हवी आहे

नमस्कार.

मी कुडाळला राहते आणि गेली सहा वर्षे लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करते. त्या कामात संगीत बसवायचे म्हणजे तयार गाणे टाइमलाइनवर ठेवायचे आणि त्याच्या ठोक्यावर चित्र कापत जायचे. गाणे जसेच्या तसे राहते आणि चित्र त्याच्या मागून जाते. आता प्रथमच याच्या उलट काम हाती घेतले आहे आणि त्यात मी अडकले आहे.

मालवण आणि वेंगुर्ला यांच्या दरम्यानच्या एका किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या रापणीवर मी २२ मिनिटांचा माहितीपट करत आहे. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोरीचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंना माणसे उभी राहतात, टाचा वाळूत रोवून सगळी एकदम मागे रेलतात आणि जाळे हळूहळू आत येऊ लागते. या ओढण्याला स्वतःची लय असते. सुरुवातीला एक ओढ साधारण अडीच सेकंदांची असते, जाळे जवळ आले की ती दोन सेकंदांवर येते, आणि मासळी दिसू लागली की सगळा हिशेबच सुटतो. माहितीपटातले मुख्य दृश्य याच ओढण्याचे आहे आणि ते ४ मिनिटे १० सेकंदांचे आहे.

या दृश्याखाली बाहेरचे विकतचे संगीत घालण्याची माझी इच्छा नाही. ओढणाऱ्यांपैकी निम्मी माणसे ज्या भजन मंडळात बसतात, त्याच मंडळाचा पखवाज आणि झांजा मी देवळाच्या सभामंडपात ध्वनिमुद्रित केल्या. आठ मात्रांचा भजनी ठेका सावकाश सुरू होतो आणि गजराला चढत जातो. पहिल्या वेळी मी पखवाजवादकाच्या कानात इअरफोन देऊन ठरावीक गतीचा क्लिक ट्रॅक, म्हणजे एकसारखी टिकटिक, लावली, म्हणजे पुढचे मोजमाप सोपे जाईल असे मला वाटले होते. दहा मिनिटांत सगळे वादन ताठरले. शेवटी मंडळाच्या बुवांनी थांबवले आणि म्हणाले, "बाय, तू हेका घड्याळ लावन वाजवूक सांगलंस तर हेचो हात जड होतलो." मी क्लिक काढून टाकला, आणि त्यानंतर जे मिळाले ते इतके जिवंत आहे की त्याला हात लावायची मला भीती वाटते. मात्र त्याची गती आता मिनिटाला ९२ मात्रांपासून १०८ मात्रांपर्यंत वाढत जाते, आणि ती कुठे किती वाढते हे कागदावर कुठेही नाही.

माझी पहिली अडचण तांत्रिक आहे. दृश्याचा काही भाग कॅमेऱ्यावर सेकंदाला २५ फ्रेमने घेतला आहे आणि काही भाग मित्राच्या फोनवर, जिथे सेटिंग ३० फ्रेमचे होते. ओढणाऱ्यांच्या आरोळ्यांसाठी दोरीजवळ एक छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवला होता. फोनवरच्या सलग ११ मिनिटांच्या तुकड्याशी रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीला अगदी बरोबर जुळतो, पण शेवटी सुमारे १६ फ्रेमचा फरक पडलेला असतो. कॅमेऱ्याच्या तुकड्यांत असा वाढता फरक नाही, तरी तिथे आरोळी तोंड उघडल्यानंतर किंचित उशिरा ऐकू येते. ही जुळवणी मी सॉफ्टवेअरकडून आपोआप करून घेतली होती, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. ठेक्याची प्रत्येक मात्रा ओढीला जुळवायला गेले तर संगीताचे तुकडे पडतात. काहीच जुळवले नाही तर चित्र एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे चालल्यासारखा वाटतो. संगणकावर वादनाची गती खेचून पाहिली, तेव्हा झांजेचा आघात बोथट झाला आणि तिचा नाद पातेल्यात आदळल्यासारखा येऊ लागला. दोन वेगळ्या मुद्रणांतले भाग जोडण्याचाही प्रयत्न केला, पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक दोन तासांत वाळली होती, त्यामुळे दोन्ही भागांतल्या खर्जाचा सूर वेगळा लागतो आणि जोड लगेच उघडा पडतो. ज्यांनी वाढत्या लयीचे, क्लिकशिवाय वाजवलेले संगीत चित्रावर बसवले आहे, ते सुरुवात कुठून करतात? आधी चित्र पक्के करतात की आधी संगीत?

आणखी एक लहान प्रश्न आहे. शेवटच्या श्रेयनामावलीखाली एका जुन्या तबकडीवरचा अभंग घ्यावा असे मनात आहे. शब्द संतांचे आहेत, तेव्हा परवानगी लागत नाही, असे मला एकाने सांगितले. हे खरे आहे का? पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे पूर्णवेळ शिक्षण मिळते हे मला ठाऊक आहे, पण घर आणि काम सोडून जाणे सध्या शक्य नाही. म्हणून जे शिकायचे ते याच दृश्यावर, आपल्या मार्गदर्शनाने शिकण्याची इच्छा आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, आपल्या पहिल्या अडचणीत दोन वेगळे दोष एकत्र झालेले दिसतात, ते आधी सुटे करावेत.

फोनच्या तुकड्यात फरक हळूहळू वाढतो, म्हणजे दोष वेगात आहे. ११ मिनिटांच्या बरोबर मध्ये, साडेपाचव्या मिनिटाला एखादी आरोळी शोधा आणि तिथला फरक मोजा. तो ८ फ्रेमच्या आसपास असेल तर चूक एकसारखी वाढते आहे. फोनने सेकंदाला २९.९७ फ्रेम टिपल्या आणि सॉफ्टवेअरने त्या ३० धरल्या, तर ११ मिनिटांत सुमारे ०.६६ सेकंद, म्हणजे २५ च्या हिशेबाने जवळजवळ १६ फ्रेमच होतात. मधला आकडा भलताच निघाला, तर फोनने बदलता फ्रेमदर वापरला आहे असे समजा, कारण उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण यांनुसार पुष्कळ फोन तो कमीजास्त करतात. तसे असेल तर टाइमलाइनवर घेण्यापूर्वीच हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून तो तुकडा स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घ्यावा. टाइमलाइन २५ चीच ठेवा. दा व्हिन्ची रिझॉल्व्ह वापरत असाल तर तिथे सुरुवातीला २४ ठरवलेले असते, तेही तपासून घ्या. फोनच्या चित्रात हालचाल किंचित अडखळल्यासारखी दिसेल, म्हणून ते तुकडे हातांच्या जवळच्या दृश्यांऐवजी लांबच्या, स्थिर दृश्यांसाठी वापरणे बरे.

कॅमेऱ्याचा दोष मात्र निराळा आहे. आपला कॅमेरा दोरीपासून किती लांब होता? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो आणि २५ च्या दराने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे दर १४ मीटरमागे एक फ्रेम उशीर होतो. आपण किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून, समजा ५५ मीटरवरून चित्रण केले असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आरोळी ४ फ्रेम उशिरा पोहोचली. सॉफ्टवेअरने रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज कॅमेऱ्याच्या त्या उशिरा आलेल्या आवाजाशी इमानाने जुळवला आणि ती चूक रेकॉर्डरच्या ट्रॅकवरही उतरली. तेवढ्या फ्रेम मोजून रेकॉर्डरचा ट्रॅक अलीकडे, म्हणजे आधीच्या बाजूला घ्या. या कामात एक गोष्ट हाताशी ठेवावी. आवाज चित्राच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांनाच खटकतो, उशिरा आला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षात येत नाही, कारण लांबचा आवाज उशिरा येणे आपल्या रोजच्या सवयीचे आहे. शंका असेल तिथे एक फ्रेम उशिराच्या बाजूला राहावे.

दुसरा प्रतिसाद

मी काही वर्षे मालिकांसाठी पार्श्वसंगीताच्या संकलनाचे काम केले आहे आणि स्वतः तबला शिकलो आहे, त्या आधारावर लिहितो.

आपण सेकंदांत मोजत आहात, म्हणून संगीत तुटते आहे. आवर्तनांत, म्हणजे ठेक्याच्या पूर्ण फेऱ्यांत मोजा. आधी बुवांचे मुद्रण शांतपणे ऐकून प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एक खूण करा. रीपर या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर गतीची खूण टाकली की त्यातल्या रेघा वादनाच्या मागून चालू लागतात आणि वादनाला धक्का लागत नाही. क्लिकवर वाजवून घेण्याच्या नेमके उलट हे काम आहे आणि लोकसंगीतासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो.

त्यानंतर चित्रात भेटीच्या जागा ठरवा. सव्वाचार मिनिटांच्या दृश्यात त्या तीनच असाव्यात, चार झाल्या तरी जास्त होतील. समजा पहिली सर्वांची एकदम पडलेली ओढ, दुसरी जाळे तरंगते ठेवणाऱ्या लाकडी तरंगांची रांग प्रथम पाण्यावर दिसते ती, आणि तिसरी जाळ्याचा भरलेला भाग वाळूला टेकतो ती. या तीन ठिकाणी सम पडली पाहिजे. मधल्या वेळात ओढ आणि ठेका थोडे मागेपुढे झाले तरी चालतात, किंबहुना व्हावेत. माणसे पखवाज ऐकून दोरी ओढत नाहीत, हे प्रेक्षकाला माहीत असते.

हिशेब असा करा. आठ मात्रांचे एक आवर्तन ९२ च्या गतीला सुमारे ५.२२ सेकंदांचे होते. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीत १२५ सेकंदांचे अंतर असेल तर त्यात २४ आवर्तने जवळजवळ नेमकी बसतात, ५ फ्रेम जास्त होतात. पुढच्या भागात सरासरी १०४ धरली तर २७ आवर्तने १२४.६ सेकंदांत संपतात, १० फ्रेम उरतात. हा कमीजास्त फरक संगीतातून काढू नका, चित्रातून काढा किंवा चित्रात घाला. एखादी लाट, आभाळातली घार, रिकामी होडी यांना अर्ध्या सेकंदाने काही होत नाही. वादन लांबवायचे किंवा आखडायचे झाले तर अख्खे आवर्तनच काढावे किंवा पुन्हा घ्यावे, समेच्या किंचित आधी कापावे, आणि मागच्या झांजेची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, न तोडता ती दुसऱ्या ट्रॅकवर विरू द्यावी. गती खेचणे दोन-तीन टक्क्यांपलीकडे नेऊ नये. झांज त्याहून जास्त सहन करत नाही हे आपण ऐकलेच आहे. कणीक वाळण्याचा प्रश्न संगणकावर सुटणार नाही. जोडायचे दोन्ही भाग एकाच बैठकीतले, शक्यतो अर्ध्या तासाच्या आतले निवडा.

आपण विचारले आहे की आधी चित्र की आधी संगीत. आधी चित्राचा ढोबळ आराखडा, मग संगीताची आवर्तने, मग पुन्हा चित्राचे शेवटचे काही फ्रेम, अशा तीन फेऱ्या होतात.

तिसरा प्रतिसाद

अभंगाविषयी एवढेच सांगतो. संतांचे शब्द मोकळे आहेत, पण त्यांना लावलेली चाल आणि तबकडीवरचे ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे. तबकडी जुनी म्हणून मुद्रण मोकळे झाले असले तरी चाल मोकळी झालेलीच असते असे नाही. दोन्हींची वर्षे तपासा, आणि हक्क शिल्लक असतील तर दोन्हींची लेखी परवानगी वेगवेगळी घ्या. आपल्या भजन मंडळाचीही लेखी संमती आवर्जून घ्या, कारण कलाकारांना त्यांच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. त्या कागदावर माहितीपट कुठे कुठे दाखवणार हे स्पष्ट लिहा, आणि वादकांची नावे श्रेयनामावलीत द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस याच कामात होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

फोनच्या तुकड्यात मध्यावर केवळ ३ फ्रेमचा फरक निघाला, म्हणजे फ्रेमदर बदलताच होता. स्थिर दरात रूपांतर केल्यावर शेवटपर्यंत जुळले. कॅमेऱ्याचे अंतर किनाऱ्यावर जाऊन पावलांनी मोजले, ते ४० मीटरच्या जवळपास भरले. रेकॉर्डरचा ट्रॅक ३ फ्रेम अलीकडे घेतला आणि आरोळी तोंडावर आली.

समेच्या खुणा करायला पूर्ण दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या भागातली २४ आवर्तने खरोखरच बसली. एका ठिकाणी बुवांनी "हां" म्हणून लय चढवली आहे, तो उद्गार मी सुरुवातीला काढून टाकला होता. आता तो परत घेतला आहे आणि तरंगांची रांग दिसते त्याच्या अर्धा सेकंद आधी तो येतो. जाळे वाळूला टेकते तिथे तिसऱ्या समेनंतर पखवाज पूर्ण थांबवला आणि झांजेची आस विरल्यावर फक्त बांगडा मासळीची वाळूवरची फडफड ठेवली. तबकडीचा विचार सोडला आहे. श्रेयनामावलीखाली मंडळाचाच गजर राहील, आणि संमतीचा कागद मंगळवारच्या भजनाला जाताना घेऊन जाणार आहे.

एक जागा अजून सुटलेली नाही. दुसऱ्या भेटीला झांज चित्राच्या २ फ्रेम आधी येते आणि चित्र हलवले तर त्याआधीच्या दृश्यातला म्हाताऱ्या तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) चेहरा कापला जातो. तो चेहरा मला कापायचा नाही. मागच्या तीन-चार आवर्तनांची गती अर्ध्या टक्क्याने उतरवून ते २ फ्रेम मिळवावेत असे वाटते. हे करताना समेच्या खुणा आधी गोठवाव्या लागतात का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.