फत्तेमारी: हा शब्द कुठून आला? आणि मग ‘गलबत’ म्हणजे काय?

मे महिन्यात गावी कौलं परतायला काढली होती. एक जुनं कौल उलटं केलं, तर पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कारखान्याचा ठसा आणि खाली 1865. साल कौलाचं नव्हे, मंगळूरचा कारखाना सुरू झाला त्याचं. ठशाच्या खाचेत अजून काजळी होती, चुलीच्या धुराची. आजी या कौलांबद्दल नेहमी सांगायची, “ही फत्तेमारीनं आली हो.” फत्तेमारी म्हणजे शिडाची मोठी मालवाहू नौका. ती खाडीत उभी राहायची, तिथून होड्यांनी कौलं काठावर यायची आणि पुढे बायकांच्या डोक्यावरून घरापर्यंत. सगळा व्यवहार नारळी पौर्णिमेनंतरचा. पावसाळ्यात कोण दर्यात शीड उभारणार?

लहानपणी मला वाटायचं, फत्ते मारून येते म्हणून फत्तेमारी. आता भाचीनं तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर देताना मी अडखळलो. शब्द फतेमारी, पत्तेमारी, पातेमारी असाही वाचलाय. मूळ कोणतं? आणि पुस्तकात सगळीकडे ‘गलबत’ असताना आजी एकदाही गलबत का म्हणाली नाही?

प्रतिसाद

फत्तेचा संबंध नाही, तो आपल्या कानानं नंतर जोडलेला आहे. पण गंमत पुढे आहे: हा शब्द आधी होडीचा नव्हताच, माणसाचा होता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज आणि इंग्रज कागदांत ‘पातामार’ म्हणजे पायी टपाल नेणारा जासूद. सुरतेच्या वखारीतून गोव्याकडे पत्र पाठवायचं, तर ते पातामाराच्या हाती. कोकणीत ‘पाथमार’ म्हणजे निरोप्या, आणि शब्दाचं मूळ बहुधा तिथेच आहे. काही जण मराठी ‘पत्ता’ म्हणजे खबर, इथूनही नेतात. मला कोकणीचा रस्ता जास्त पटतो, कारण पोर्तुगीजांनी तो ऐकला असणार तो गोव्यात.

मग किनाऱ्यानं निरोप नेणाऱ्या जलद होडीला तेच नाव मिळालं. पुढे होडी वाढत गेली, पोटात टपालाऐवजी तांदूळ, मीठ, नारळ, कौलं आली, तरी नाव निरोप्याचंच राहिलं. जॉन एडाय नावाच्या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्यानं 1834 मध्ये मोठ्या पातेमारीची मापं छापली: लांबी सुमारे 76 फूट, रुंदी 21 फुटांवर, भार सुमारे 200 टन. म्हणजे आपल्या एस.टी.च्या दोन गाड्या एकापुढे एक लावल्या तर जेवढ्या होतील, त्याहूनही थोडी लांबच. नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, लांबवर तिरकं गेलेलं, तळाचा कणा मधोमध जरासा वर उचललेला आणि डोलकाठी पुढे झुकलेली. आपल्याला चित्रातल्या जहाजांची सरळ किंवा मागे कललेली डोलकाठी सवयीची, त्यामुळे फत्तेमारीचं जुनं छायाचित्र पाहिलं की आता ही नाकावर पडते की काय, असं वाटतं.

‘पत्ते’ किंवा ‘पाते’ मराठी कानाला काही सांगत नव्हतं, ‘फत्ते’ सांगत होतं. बदल एवढाच. पण म्हणून आजीचा शब्द चुकीचा ठरवू नका. ज्यांची कौलं, तांदूळ आणि माणसं तिच्यातून आली, ते फत्तेमारी म्हणत असतील तर मराठीत ती फत्तेमारीच.

प्रतिसाद

गलबताबद्दल. हा शब्द आज आपण कुठल्याही शिडाच्या लाकडी जहाजाला लावतो, पण आंग्र्यांच्या काळात इंग्रज ‘गॅलिव्हॅट’ लिहितात ते लढाऊ असतं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं वर्णन दिलंय: 40-50 वल्ह्यांचं, सर्वांत मोठं असलं तरी क्वचितच 70 टनांपुढे जाणारं. त्याच्या शेजारी गुराब, त्याहून मोठी लढाऊ नौका. दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची 300 च्या आसपास. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून नेत. म्हणजे तेव्हा गलबत हे धाकटं भावंड होतं!

गॅलिव्हॅट हा शब्द पोर्तुगीज ‘गालेओता’शी जोडतात, म्हणजे वल्ह्यांची छोटी युद्धनौका. गुराब अरबी ‘घुराब’ वरून, अर्थ कावळा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा उल्लेख येतो तिथे गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी वेगवेगळी नावं लागोपाठ येतात. लिहिणाऱ्याला ती वेगळी माहीत होती. शिबाड म्हणजे मोठं मालवाहू. लढाया संपल्या, गुराब बंदरातून आणि बोलण्यातूनही गेली, आणि गलबत मात्र माल भरायला लागलं. वल्ही गेली, तोफा गेल्या, नाव उरलं. शाळेच्या पुस्तकात मिठानं भरलेलं गलबत वाचताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

ऐतिहासिक मालिकांत सगळ्याच नौकांना सरसकट ‘जहाज’ म्हणतात, ते मला फार खटकतं. एवढी नावं हाताशी असताना!

प्रतिसाद

‘जहाज’वर राग नको. तोही शब्द सुंदर आहे. अरबीत त्याचा अर्थ सरंजाम, सामग्री. फारसीत तो नौकेवर गेला, आणि त्याच घरातला ‘जहेज’ हिंदीत ‘दहेज’ झाला. मुलीबरोबर पाठवायची सामग्री ती दहेज, आणि समुद्रावर न्यायची सामग्री जिच्यात, ते जहाज. अस्सल आपलं म्हणाल तर ‘तारू’, तरून जाण्यातलं.

सुकाणूसुद्धा अरबी ‘सुक्कान’ आहे, नाखवा फारसी ‘नाखुदा’. पक्षाचं सुकाणू हाती घेणाऱ्यांना बंदराशी काही देणंघेणं नसतं, पण शब्द बंदरातूनच वर आलाय.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला निरोप्याची गोष्ट सांगितली, ती तिला फत्तेपेक्षा जास्त आवडली.

माझा दुसरा प्रश्न मी परवा शेजारच्या काकांना विचारला. त्यांचे वडील तांडेल, म्हणजे नौकेवरच्या खलाशांचे म्होरके होते, आयुष्य मुंबई ते मंगळूर असं गेलेलं. म्हटलं, काका, तुम्ही गलबत का म्हणत नाही? ते जाळं विणता विणता थांबले. म्हणाले, “गलबत सगळंच. एस.टी. पण गाडीच ना? मग तू गाडी आली म्हणतोस की एस.टी. आली म्हणतोस?”