सल्ला हवा: तालमीच्या फुटबॉल स्पर्धेसाठी वर्ल्डकप-युरोची कुठली गाणी वाजवावीत?

पेठेचा_मिडफील्डर
मंडळी, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची, म्हणजे पेठेतल्या मंडळाची, फुटबॉल स्पर्धा आहे. रोज दोन सामने, दोन्ही दुपारचे. मंडळाचं ठरलंय की यंदा रिमिक्स-बिमिक्स काही नको, आंतरराष्ट्रीय स्पर्धांची थीम साँगच वाजवायची. चार वेळांसाठी गाणी हवीत: संघ मैदानात येताना, हाफटाइमची १५ मिनिटं, गोल झाल्यावर आणि फायनलनंतर बक्षीस वाटपाला. साऊंड भाड्याचा, गाणी मोबाइलवरून. ‘वेव्हिंग फ्लॅग’ २०१० च्या वर्ल्डकपचं अधिकृत गाणं ना? सुरुवात त्यानेच करावी असं पोरांचं म्हणणं आहे.

बिंदू_चौक_विंगर
नाही भावा. २०१० चं अधिकृत गाणं शकिराचं ‘वाका वाका’, सोबत दक्षिण आफ्रिकेचा फ्रेशलीग्राउंड हा बँड. केनानचं ‘वेव्हिंग फ्लॅग’ हे कोका-कोलाच्या जाहिरात मोहिमेचं गाणं होतं. २००६ चाही असाच गोंधळ होतो. लोकांच्या डोक्यात शकिराचंच ‘हिप्स डोन्ट लाय’ बसलंय, पण अधिकृत गाणं इल डिव्हो आणि टोनी ब्रॅक्स्टनचं ‘द टाइम ऑफ अवर लाइव्ह्ज’. ते चांगलं असलं तरी ऑपेराच्या ढंगाचं आहे, गॅलरीतून कोण म्हणणार? अधिकृत आहे म्हणून गाणं घेऊ नका. दुसऱ्यांदा कोरस आला की लोकांना तो म्हणता येतो का, एवढंच बघा.

संघ येताना १९९८ चं रिकी मार्टिनचं ‘ला कोपा दे ला विदा’ लावा. कोरसमध्ये ‘आले, आले, आले’ येतं. तिकडे त्याचा अर्थ चला-चला असा काहीतरी असेल, आपल्याकडे मात्र संघ खरोखर ‘आले’. पेठेतल्या आजीलाही शिकवावं लागणार नाही. सुरुवातीपासून लावू नका, थेट कोरसपासून कापून घ्या, नाहीतर संघ मध्यभागी पोचला तरी गाणं अजून वातावरण निर्मितीच करत बसेल.

हस्तांदोलन आणि पाहुण्यांची ओळख चालू असताना शब्द असलेलं गाणं नको, निवेदकाचा आवाज बुडतो. तिथे २००२ साठी वँगेलिसने केलेलं अँथम आहे, त्यात नुसते वाद्यांचे सूर आहेत.

रंकाळा_कट्टा
गोलसाठी गाणं नको, तुकडा हवा. १० ते १२ सेकंद, बस्स. ‘सेव्हन नेशन आर्मी’ची सात सुरांची सुरावट घ्या. गाणं २००३ चं, द व्हाइट स्ट्राइप्सचं, कुठल्याच स्पर्धेसाठी लिहिलेलं नाही. बेल्जियमच्या क्लब ब्रुगच्या प्रेक्षकांनी उचललं, तिथून इटलीत गेलं, २००६ ला इटली वर्ल्डकप जिंकल्यावर घराघरात पोचलं आणि युरो २००८ मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, संघ येताना वाजायला लागलं. त्याला शब्दच लागत नाहीत, नुसतं ‘ओ ओ ओ’.

चेंडू जाळ्यात गेला की लगेच बटण दाबायचं नाही. लाइन्समनचा झेंडा बघा, रेफरी मध्यरेषेकडे हात करेपर्यंत थांबा. ऑफसाइडच्या गोलवर गाणं वाजलं तर आपल्याकडे पुढची पाच मिनिटं काय होतं ते सांगायला नको. आणि खेळ चालू असताना स्पीकर पूर्ण बंद. बऱ्याच सांबा-लॅटिन गाण्यांत तालवाद्यांबरोबर शिट्टी असते, खेळाडू तिलाच रेफरीची समजून थांबतो.

जावळाचा_गणपती_१०
हाफटाइमला ‘मुचाचोस’ टाका की! २०२२ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनाच्या चाहत्यांचं तेच होतं. नाद खुळा.

बिंदू_चौक_विंगर
ते स्पर्धेचं नाही, एका संघाचं आहे दादा. त्याच्या शब्दांत २०२१ च्या कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये ब्राझीलला त्यांच्याच माराकाना स्टेडियमवर हरवल्याचा टोला आहे. कोल्हापुरात अर्धी पेठ ब्राझीलची. आयोजकांच्या स्पीकरवरून ते वाजलं की आयोजकांनी बाजू घेतली असाच अर्थ निघणार. इंग्लंडचं ‘थ्री लायन्स’ही तसंच: युरो १९९६ मुळे गाजलं, पण त्या स्पर्धेचं अधिकृत गाणं सिंपली रेडचं ‘वुई आर इन धिस टुगेदर’ होतं. प्रेक्षकांनी स्वतः काय म्हणायचं ते म्हणू दे, मंचावरून मात्र तटस्थ राहा.

हाफटाइमचा क्रम असा ठेवा. पहिली दोन मिनिटं नुसत्या घोषणा, कारण लोक चहा-भडंगाला उठतात. मग २०१६ च्या युरोचं डेव्हिड गेटा आणि झारा लार्सनचं ‘धिस वन्स फॉर यू’, त्यानंतर ‘वेव्हिंग फ्लॅग’, आणि संघ परत येताना ‘वाका वाका’. मध्ये जागा उरली तर २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपचं ‘कर के दिखला दे गोल’. प्रीतमचं संगीत आहे, आणि त्या भारतीय संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा निवेदकाला एक वाक्य आयतंच मिळतं. २०१८ चं ‘लिव्ह इट अप’ वगळलं तरी कुणी विचारायला येणार नाही.

कर्णा_आणि_मिक्सर
गाणी ठरली, आता साऊंड. दोन चुका हमखास होतात.

पहिली: मोबाइलच्या ३.५ मिमी पिनेपासून थेट एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) अशी एकच वायर मिक्सरच्या माइकच्या खोबणीत घालतात. मग ढोल, कीबोर्ड सगळं ऐकू येतं, फक्त गायिका गायब! माणसं गाण्याची फाइल खराब म्हणून दुसरी डाउनलोड करत बसतात. फाइल चांगलीच असते. ती खोबण दोन पिनांवरच्या सिग्नलमधला फरक घेते. स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत शून्य होतो. उपाय: ३.५ मिमीपासून दोन वेगळ्या मोनो जॅकची वायर घ्या, मिक्सरच्या दोन लाइन चॅनलना लावा, दोन्हीचा पॅन (डावं-उजवं ठरवणारं बटण) मध्यावर. किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स (मोबाइलचा सिग्नल माइकच्या खोबणीला जुळवून देणारी छोटी पेटी) वापरा, त्याने गुणगुणही जाते.

दुसरी: मैदानाच्या दोन टोकांना कर्णे बांधून तेच गाणं दोन्हीकडून सोडणं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदान १०० मीटर धरलं तर एका टोकाला बसलेल्या माणसाला समोरचा कर्णा ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. ‘वाका वाका’ मिनिटाला १२७ ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका ०.४७ सेकंदाचा. अर्ध्या ठोक्यापेक्षा जास्त मागे पडलेलं तेच गाणं अंगावर आलं की टाळी कुठे द्यायची तेच कळत नाही. सगळे स्पीकर एकाच बाजूला, एकत्र, गॅलरीकडे तोंड करून लावा. समोरच्या बाजूला आवाज कमीच पडतोय असं वाटलं तर तिथे वेगळा छोटा स्पीकर द्या, पण हळू, आणि त्याचं तोंड मैदानाकडे नको.

गाणी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. गर्दीत नेटवर्क मरतं, आणि ऐन हाफटाइमला टूथपेस्टची जाहिरात वाजते. मोबाइल फ्लाइट मोडवर. जुनी गाणी हळू, नवी कर्कश असतात, तेव्हा ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जुळवायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांची ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) करून घ्या. शेवटी तीन सेकंदांचा फेड-आउट, म्हणजे आवाज हळूहळू कमी. गाणं मध्येच खाटकन तोडलं की वायर निघाली असं वाटतं.

पेठेचा_मिडफील्डर
गायिका गायब होण्याचं कोडं आज सुटलं. 🙏 सामने यूट्यूबवर लाइव्ह जाणार आहेत, तिथे काही अडचण? आणि बक्षीस वाटपाचं राहिलंच.

रंकाळा_कट्टा
अडचण आहे. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. प्रक्षेपण तुटू शकतं, किंवा नंतर त्या भागाचा आवाज जातो. मिक्सरवरून लाइव्हला जाणारी आउटपुट वेगळी काढा आणि तिच्यात फक्त निवेदकाचा माइक सोडा. स्टेडियममधली गाणी कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शिरतातच, म्हणून गाण्याच्या वेळी तोही बंद. मैदानात वाजवण्याचा परवाना हा वेगळा विषय: रेकॉर्डिंगचा एक हक्क, शब्द-संगीताचा दुसरा. पहिल्यासाठी पीपीएल आणि दुसऱ्यासाठी आयपीआरएस, या परवाना देणाऱ्या दोन्ही संस्थांकडे आधीच विचारा. पोलिसांची स्पीकर परवानगी त्याहून वेगळी. रात्री १० नंतर स्पीकर बंद, आणि बक्षीस वाटप नेहमीच लांबतं हे धरून चाला.

कर्णा_आणि_मिक्सर
बक्षिसाला १९९० चं ‘उन एस्ताते इतालियाना’. संगीत जॉर्जिओ मोरोडरचं, आवाज जान्ना नान्निनी आणि एदोआर्दो बेन्नातो यांचे. माझ्या मते एवढं सुरेल वर्ल्डकपचं गाणं आजवर दुसरं झालं नाही. पण ते संथ चढतं. गॅलरी तापवायला निरुपयोगी, मात्र पदकं गळ्यात पडताना त्याला तोड नाही.

चषक उंचावतानाच्या क्षणाला ‘नेस्सुन दोर्मा’. बीबीसीने १९९० च्या प्रक्षेपणाला पावारोत्तीचं रेकॉर्डिंग वापरलं आणि पुच्चीनीच्या ऑपेरातलं गाणं फुटबॉलचं झालं. सुरुवात इतकी हळू आहे की उघड्या मैदानात ऐकूच येणार नाही. शेवटचं मिनिट तेवढं कापून घ्या. शेवटचा ‘विन्चेरो’, म्हणजे ‘मी जिंकेन’, त्यावर कप वर. कर्णधाराला खूण करायला एक माणूस खाली उभा ठेवा, नाहीतर सूर संपल्यावर कप उचलला जातो.

जावळाचा_गणपती_१०
आणि आपली हलगी? की तिला सुट्टी?

बिंदू_चौक_विंगर
हलगी हवीच, लाइव्हवर हक्काचा प्रश्नही येत नाही. ‘वाका वाका’चा कोरस मुळात कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सच्या १९८६ मधल्या ‘झांगालेवा’चा. ते गाणं सैनिकांच्या कवायतीच्या चालीवर आहे, एकाने विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्यामुळे हलगी-घुमकं त्यावर सहज बसतं. फक्त रेकॉर्डबरोबर वाजवू नका. हलगीवाला रंगात आला की लय वाढवतो, रेकॉर्ड वाढत नाही, आणि चार ओळींत दोघांची फारकत. आधी ३० सेकंद रेकॉर्ड, ती बंद, मग हलगी त्याच लयीत उचलेल. चामड्याची हलगी असेल तर दुसऱ्या हाफच्या ४० व्या मिनिटाला शेकायला घ्या, शिट्टी वाजल्यावर नाही.

पेठेचा_मिडफील्डर
ठरलं. उद्या साऊंडवाल्याकडे दोन मोनो जॅकची वायर आहे का विचारतो. नसेल तर लक्ष्मीपुरीत मिळेल ना?