‘एकसर’ जोडणीतला ‘सर’ कोणता?

मूळ प्रश्न
बडोद्याहून लिहिते आहे. सुट्टीत नाशिकची भाची आमच्याकडे आली आहे. ती मराठी माध्यमात नववीचं ‘धाराविद्युत’ शिकून आली, आणि माझी लेक इथे गुजराती माध्यमात दहावीसाठी तोच विषय वाचते आहे. दोघी एकत्र गणितं सोडवायला बसतात आणि अर्धा वेळ शब्दांवरच अडतात. भाचीचा ‘रोध’, म्हणजे रेझिस्टन्स, तो लेकीचा ‘अवरोध’, आणि हिंदी व्हिडिओत तोच ‘प्रतिरोध’. हे मी जुळवून दिलं, कारण मोजायचा शेवटी ओममध्येच. पण काल भाची म्हणाली ‘एकसर जोडणी’, आणि लेकीने विचारलं, “म्हणजे एकसारखी? सगळे रोध सारखेच हवेत का?” तिच्या पुस्तकात ‘श्रेणी जोडाण’ आहे. मला उत्तर देता आलं नाही. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, घरातलं मराठी आजीचं. हा ‘सर’ कुठला?

उत्तर १
एकापुढे एक, एका ओळीत. ‘सरळ’मधला सर असावा.

उत्तर २
‘सरळ’शी संबंध नाही, हा माळेचा सर. मोत्यांचा सर, दोन सरांची माळ असं आपण म्हणतो ना, तोच. ताई, तुमच्या आजींना ‘एकसरी’ नक्की ठाऊक असेल, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ.

मी दांडिया बाजारात राहतो. शाळेत बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला शब्द हाच. त्यात सगळं शास्त्र बसलेलं आहे. मणी सारखे असायची अट नाही, एक बारीक, एक टपोरा चालतो. दोरा मात्र एकच. पहिल्या मण्यातून गेलेला दोराच दुसऱ्यातून जातो, मध्ये फाटा फुटत नाही. म्हणून एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे तेवढाच असतो. 12 व्होल्टच्या बॅटरीला 2 ओम आणि 10 ओमचे रोध एकसर जोडा. एकूण 12 ओम, म्हणजे प्रवाह 1 अँपिअर. तो दोन्हींतून 1 अँपिअरच जाईल. वाटला जातो तो दाब, लहान रोधावर 2 व्होल्ट आणि मोठ्यावर 10.

मुलं इथे हमखास एक चूक करतात. त्यांना वाटतं की पहिल्या दिव्याने थोडा प्रवाह ‘खाल्ला’ आणि दुसऱ्याला उरलेला मिळाला. तसं होत नाही. दिव्यात खर्च होते ती ऊर्जा. इलेक्ट्रॉन जितके आत गेले तितकेच बाहेर पडतात. 1 अँपिअर म्हणजे दर सेकंदाला सुमारे 6.24 × 10¹⁸ इलेक्ट्रॉन, आणि ही मोजणी तारेत कुठेही उभं राहून करा, आकडा तोच येईल. दोरा मण्यात शिरला म्हणून तो काही आखूड होत नाही.

माळ गळ्यात घालताना हूक अडकवावा लागतो. तो हूक म्हणजे आपली कळ. तो सुटला की परिपथ उघडा पडतो, प्रवाह थांबतो.

‘श्रेणी’बद्दल एवढंच सांगतो की मराठी मुलाला तो शब्द ऐकून आधी निकालपत्रातली अ श्रेणी, ब श्रेणी आठवते. गुजरातीत तो शोभतो, आपल्याकडे ‘एकसर’च हवा.

उत्तर ३
मी वायरिंगची कामं करतो, मांजलपूरला. आमच्यात मराठी असो की गुजराती, शब्द ‘सिरीज’च. गणपतीच्या मखराला लावतात त्या दिव्यांच्या माळेलाही इथे सिरीजच म्हणतात. वरच्या मास्तरांनी माळ म्हटल्यावर पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. जुन्या माळेत 6 व्होल्टचे बारीक बल्ब असायचे, 230 ला भागलं की अडतीसच्या आसपास बल्ब एका सरात. एक उडाला की अख्खी माळ बंद, आणि मग एकेक बल्ब काढून तपासत बसायचं. आताच्या एलईडी माळेत बऱ्याचदा एक तुकडाच विझतो, कारण आत बरेच सर समांतर जोडलेले असतात.

आमचा सिरीज बोर्ड माहीत आहे का? एक 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट. दुरुस्तीला आलेली इस्त्री थेट मेनवर लावत नाही, आधी या बोर्डावर लावतो. आतून शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो, पण बल्ब घेतो त्यापेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही. अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो, म्हणून एमसीबी पडत नाही. बल्ब पेटलाच नाही तर आत तार तुटलेली. हे मी उस्तादाकडे शिकलो, सूत्र कुणी सांगितलं नव्हतं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! दोघी मुलींना वाचून दाखवलं. आता ‘विभवांतर’ही सांगा ना. भाची सूत्र बरोबर लिहिते, पण विचारलं तर म्हणते, “दोन टोकांमधलं अंतर.” मीटरमध्ये!

उत्तर २ देणारे
तिची चूक नाही. मराठीत ‘अंतर’ म्हटलं की फूटपट्टीच आठवते. तिथे ते ‘फरक’ या अर्थाने आलं आहे. आणि ‘विभव’ म्हटलं की वैभव आठवतं, तेही कामाचं नाही. तुमच्या लेकीच्या पुस्तकात बघा, ‘विद्युतस्थितिमाननो तफावत’ असं असेल. शब्द लांबलचक, पण ‘तफावत’ किती स्वच्छ! तो मराठीचाही आहे. मी वर्गात आधी ‘दाबातली तफावत’ म्हणायचो. गच्चीवरची टाकी आणि मोरीतला नळ यांच्या उंचीत तफावत आहे, म्हणून पाणी खाली येतं. दोन टाक्या एकाच पातळीवर ठेवून नळीने जोडल्या, पाणीही सारख्या उंचीपर्यंत भरलं, तर काहीच वाहणार नाही. हे पक्कं झालं की मगच ‘विभवांतर’ लिहायला द्यायचं, परीक्षेत तोच लागतो.

उत्तर ४
मी गुजरातीतून मराठीत भाषांतरं करते, म्हणून सारख्या दिसणाऱ्या शब्दांची भीती वाटते. ‘विद्युतभार’ घ्या. गुजरातीत तो इलेक्ट्रॉनवरचा ऋण भार, ज्याला मराठी पुस्तकं ‘प्रभार’ म्हणतात. मराठीत विजेचा ‘भार’ म्हणजे लोड, त्यावरूनच ‘भारनियमन’. त्यालाच हिंदीत ‘आवेश’ म्हणतात, तो आपल्याकडे भाषणात येतो. आणि ‘धारा’! बडोद्याच्या कानाला धारा म्हणजे कायदा. धाराशास्त्री म्हणजे वकील, धारासभा म्हणजे विधानसभा. ‘विद्युतधारा’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वीज कायदाच वाटला होता. मी ‘विद्युतप्रवाह’च लिहिते.

याच गावात 1931 साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ निघाला. त्यात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले आहेत. विजेच्या शब्दांचं तसं एखादं पान दहावीच्या पुस्तकामागे असतं तर या दोघींची भांडणं पाच मिनिटांत मिटली असती.

उत्तर ३ देणारे
‘करंट’चंही सांगून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, “नळाला करंट येतोय,” किंवा “आज करंट कमी आहे, पंखा हळू फिरतोय.” दुसऱ्या वाक्यात कमी झालेला असतो दाब. 230 च्या जागी 180 मिळत असतात. करंट पंख्यातून किती जाईल ते त्यानंतर ठरतं. मुलींना हे दोन वेगळे शिकवा, पुढे मीटर हातात घेतल्यावर गोंधळ होत नाही. आणि ताई, प्रयोग करायचा तर सेलवरच करा, मेनवर नको.

मूळ प्रश्नकर्ती
सेलवरच केला. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे तीन बल्ब, पेपर क्लिपची कळ. तिन्ही एकसर जोडले तर जेमतेम लाल झाले, पण तिन्ही सारखेच लाल. भाचीने मधला काढला, तिन्ही विझले. मग तिने सेलची दिशा उलटी केली, कारण तिला बघायचं होतं की आता शेवटचा बल्ब ‘पहिला’ झाल्यावर जास्त पेटतो का. नाही पेटला. लेकीने गुजराती वहीत ‘श्रेणी जोडाण’च्या शेजारी गुजराती अक्षरांत ‘एकसर’ लिहून ठेवलं आहे, आणि खाली मण्यांची माळ काढली आहे, हुकासकट.