विसराळूपणा आणि कान

वडील हल्ली विसरतात म्हणून तुम्ही उपाय विचारलेत. ब्राह्मी, बदाम, शब्दकोडी सगळं सुचवून झालं, पण कानांचा विषय कुणीच काढला नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन बऱ्याच वर्षांपासून बहिरेपण आणि उतारवयातला मेंदू यांचा संबंध शोधताहेत. त्यांच्या गटाने ७० ते ८४ वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी केली. निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अर्ध्यांना श्रवणयंत्रं, बाकीच्यांना आरोग्याचं मार्गदर्शन. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक दिसला नाही, हे स्पष्ट सांगते. मात्र ज्यांना आधीपासूनच बौद्धिक घसरणीचा जास्त धोका होता, त्या गटात यंत्रवाल्यांची ही घसरण ४८ टक्क्यांनी कमी राहिली.

ऐकण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांतून बाजूला होतो, अशी कारणं मांडली जातात. दुसरं तर आमच्याच घरात पाहिलं. सासूबाईंनी भजनीमंडळ सोडलं, मग शेजारी जाणंही. सांगलीत नातेवाईक म्हणायचे, "वय झालं आता." मिरजेला कान तपासले, यंत्र बसवलं. नावं त्या अजूनही विसरतात, पण गप्पांत पुन्हा बसतात, आणि मला तेच मोठं वाटतं.

यंत्राचा आवाज सुरुवातीला कर्कश वाटतो, म्हणून बरेच जण ते कपाटात ठेवून देतात. तसं होऊ देऊ नका; पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्या. शिवाय बी-१२, थायरॉइड आणि रक्तदाबही एकदा बघून घ्या.