बेन किंग्जलीनं ‘गांधी’नंतर स्वतःला वाया घालवलं का?

पिटातला प्रेक्षक:
परवा ‘गांधी’ परत पाहिला. दक्षिण आफ्रिकेत परवाने जाळायचा प्रसंग आहे ना, तिथे पुन्हा थांबलो. पोलिसाची लाठी बसते, माणूस कोसळतो, तरी थरथरता हात पुढे सरकतो, परवाना उचलतो आणि आगीत टाकतो. तोंडातून शब्द नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेला हा नट तेव्हा पडद्याला जवळजवळ नवखा होता. ब्रिटनच्या बाफ्टानं त्याला एकाच वर्षी उत्कृष्ट अभिनेता आणि आश्वासक नवोदित अशी दोन्ही बक्षिसं दिली. शिवाय ऑस्कर.

आणि पुढे? ‘थंडरबर्ड्स’, ‘ब्लडरेन’. २००८ च्या ‘द लव्ह गुरू’त तर तिरळा भारतीय गुरू. हसं करायला दुसरं कुणी मिळालं नाही? वडील गुजराती वंशाचे, स्वतःचं मूळ नाव कृष्ण भानजी, आणि ज्या देशानं डोक्यावर घेतलं त्याचीच टिंगल. मला हे लागलं, अजून लागतं.

तिसरी घंटा:
त्याच ‘गांधी’त गोखले कोण होते आठवा. डॉ. श्रीराम लागू! ‘नटसम्राट’ उभा करणाऱ्या डॉक्टरांनी हिंदीत किती सुमार सिनेमे केले, मोजायला बसलात तर रात्र सरेल. म्हणून त्यांचे बेलवलकर कमी झाले का? नट म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. त्याला रोज कामावर जायचं असतं.

पिटातला प्रेक्षक:
डॉक्टर हिंदीत रमले तरी नाटकाकडे परत परत येत राहिले. किंग्जली ‘गांधी’नंतर रंगभूमीवर क्वचितच दिसला. दोघांना एका मापानं नका मोजू.

मध्यांतर:
तुम्ही ‘सेक्सी बीस्ट’ (२०००) पाहिलाय का? नसेल तर हा वाद अर्धवटच आहे. स्पेनमध्ये सुखानं राहणाऱ्या निवृत्त चोराला परत कामाला जुंपायला आलेला डॉन लोगन. दाढी करताना आरशातल्या स्वतःशीच तणतणतो, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हाच तो पंचेवाला माणूस, यावर विश्वास बसत नाही! गांधींची सावली झटकायला त्याला अठरा वर्षं लागली आणि ती त्यानं मुळासकट झटकली. ऑस्करचं नामांकन मिळालं ते वेगळंच. त्याआधी ‘बग्सी’साठी होतं, नंतर ‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’साठी. ही काय वाया गेलेल्या माणसाची लक्षणं? ‘लव्ह गुरू’ वाईट होता, मान्य. पण दहा वाईट सिनेमे करायची तयारी ठेवणाराच एखादा डॉन लोगन अंगावर घेतो.

कोल्हापूरची:
सगळे एकट्या किंग्जलीवर का भांडताय? त्याच सिनेमानं आमच्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना वेशभूषेचं ऑस्कर दिलं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. कस्तुरबा झालेल्या रोहिणीताई हट्टंगडींना बाफ्टा मिळालं. आणि आपल्या हिंदी सिनेमानं रोहिणीताईंना दिलं काय? आई. ‘अग्निपथ’मध्ये तर वयानं त्यांच्याहून मोठ्या अमिताभची आई! किंग्जलीला संत, गुंड, ‘ह्यूगो’त खेळण्यांच्या टपरीवर बसलेला म्हातारा मेलिएस, सगळं करायला मिळालं. वाईट सिनेमा निवडायची चैनसुद्धा त्याला परवडली. वाया कुणाला घालवलं असेल, तर ते इथे. यावर कुणी धागा काढत नाही, याचा मला राग येतो.

पिटातला प्रेक्षक:
ताई, हे मनापासून पटलं. तरी माझी तक्रार तशीच राहते. ज्याला निवड करता येत होती, त्यानं ती जपून करायला हवी होती.

तिसरी घंटा:
जपून केलेली हवी ना? मग ‘शिंडलर्स लिस्ट’मधला इत्झाक स्टर्न घ्या, १९९३. जर्मन कारखानदार शिंडलरचा ज्यू हिशेबनीस. शिंडलर पेला पुढे करतो, स्टर्न दर वेळी नाकारतो. कारखान्यातल्या माणसांची रवानगी ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत होणार हे कळल्यावर मात्र तोच म्हणतो, आता घेतो. पेला ओठाला लावताना डोळे भरलेले, हनुवटी घट्ट. आधीचे सगळे नकार त्या घोटात उतरलेत. एकदा तेवढाच प्रसंग लावून बघा, मग बोलू.

पिटातला प्रेक्षक:
पाहिलाय. तो प्रसंग पाठ आहे, म्हणून तर ‘लव्ह गुरू’ सहन होत नाही.